आवडी सशिणीचं उद्यापन

एका जंगलात, मुलांनो, आवडी नावाची एक सशीण राहायची. तिने एकदा एक नवस बोलला होता, आणि आपली गोष्ट त्या नवसापासूनच सुरू होते. तेव्हा मांडी घालून नीट बसा. मधेच पाणी प्यायला कुणी उठायचं नाही.

झालं काय, की आषाढाच्या तोंडावर एक दिवस आवडीचा नवरा चरायला गेला तो दुपार झाली तरी परतला नाही. पलीकडच्या टेकडीवर रानकुत्री फिरताहेत, असं टिटवी सकाळपासून ओरडून सांगत होती. जंगलाच्या मध्यावर वडाखाली शेंदूर लावलेला एक दगड होता. सगळे त्याला गणपती म्हणत. आवडी तिथे गेली, पुढचे दोन पाय जोडले आणि म्हणाली, "देवा, ह्यांना सुखरूप घरी आण. मी चातुर्मासभर दूर्वा तोंडात धरणार नाही. गवताची काडीसुद्धा नाही. सगळं गवत तुझं."

सशाने गवत सोडायचं म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही कारलं सोडता आणि त्याला व्रत म्हणता.

संध्याकाळी नवरा आला. करवंदीच्या जाळीत शिरलो, पोटभर करवंदं खाल्ली आणि तिथेच डोळा लागला, असं त्याने सांगितलं. रानकुत्री त्याने पाहिलीही नव्हती. पण नवस तो नवस. तो फेडलाच पाहिजे. देव यावर काही म्हणाला नाही. देव सहसा काही म्हणत नाही, म्हणून तर आपण त्याच्या वतीने इतकं बोलू शकतो.

आवडीच्या घरात सासू होती. तिचं नाव बायजा. बायजा सशीण म्हणजे सगळ्या जंगलात नावाजलेली. तरुणपणी तिने एक अख्खा चातुर्मास मौन पाळलं होतं. त्या मौनाची गोष्ट अजून सांगितली जायची. अशा सासूच्या घरात आवडीसारखी साधी सून म्हणजे काय होणार? आवडी पळते हळू, कान नीट उभे ठेवत नाही, घर झाडताना पाला तसाच ठेवते, असं काही ना काही दिवसभर चालायचं. हाक मारायची तीसुद्धा "आवडे" अशी, आणि शेवटचं अक्षर जमिनीवर आपटून.

आवडी सासूला "आत्याबाई" म्हणायची आणि गप्प राहायची. आपण व्रतं करतो, देव बघतो आहे, एक दिवस सगळं चांगलं होईल, असा तिचा भाव. गुणी होती बिचारी.

चातुर्मास लागला. आवडीने गवत सोडलं. ती पडलेली उंबरं खायची, पिकून लिबलिबीत झालेली जांभळं खायची. जिभेने दाबलं की घशाखाली उतरेल, असं सगळं.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, आपली नखं वाढतात तसे. खरबरीत गवत चावून चावून ते झिजतात आणि मापात राहतात. देवाने ही व्यवस्था फार विचार करून लावली होती. आवडीने ती देवासाठीच मोडली.

श्रावण आला तोवर दात वाकडे वाढून गालात रुतायला लागले होते. आधी उंबर बोचू लागलं, मग जांभूळही. एका सकाळी आवडीने ठरवलं की आता सासूला सांगायचं. ती सासूसमोर जाऊन बसली. समोर उंबर पडलं होतं, ते तिने नाकाने बाजूला सारलं आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात बायजाबाई म्हणाली, "फळंही सोडलीस?"

आणि, मुलांनो, बायजाबाई चक्क सरकली. जाळीतली सावलीची जागा होती ना, जिथे तिच्याशिवाय कुणी बसत नसे, तिथून ती सरकली आणि म्हणाली, "ये, आवडीबाई. इथे बस."

दात सांगायला उघडलेलं तोंड आवडीने मिटलं.

तसंही सशाच्या जातीला दुखणं दाखवायची सवय नसते. दाखवलं की वरून घारीला दिसतं. म्हणून दुखायला लागलं की ससा अंग चोरून बसतो, डोळे अर्धे मिटतो, कान मागे टाकतो आणि गप्प राहतो. फारच दुखलं तर दातावर दात घासतो. यातलं सगळं आवडी करू लागली. वेगळं काही करत नव्हती, तिला नुसतं दुखत होतं.

पण बघणारे होते शेजारी.

शेजारच्या बिळातली गोदाक्का साळिंदरीण हळदीकुंकवाला आली आणि दारातच थबकली. आवडीचे अर्धे मिटलेले डोळे पाहून तिने सगळ्यांना सांगितलं की हिला ध्यान लागलंय. दातांची करकर ऐकून खार म्हणाली की ही जप करते आहे. कसला जप, यावर दोन दिवस चर्चा झाली. कुणाला त्यात शंकराचं नाव ऐकू आलं, कुणाला विष्णूचं. दोन्हीकडचे लोक एकमेकांशी बोलेनासे झाले. आवडीच्या तोंडातून लाळ गळून हनुवटी ओली राहायची, तर ते अमृत आहे असं माकडिणीने जाहीर केलं आणि आपल्या पोराच्या कपाळाला लावलं.

मग कोल्हे अण्णा आले.

कोल्हे अण्णांना समाजकार्याची आवड होती. त्यांनी 'आवडीमाता सेवा मंडळ' काढलं. बांबूची कामटी लावून रांग केली. गव्यासारख्या मोठ्या जनावरांना बाजूच्या वाटेने थेट दर्शन. सशांना, तित्तिरांना मागून. स्वतः अण्णा रांगेच्या शेवटाला उभे राहून सगळ्यांना "पुढे चला, पुढे चला" म्हणायचे. रांगेतून अधूनमधून एखादा तित्तिर कमी व्हायचा, पण भक्तीच्या गर्दीत कोण कुणाला मोजतो?

आवडी मधोमध बसलेली असायची. खरं सांगायचं तर तिलाही आता नक्की कळेनासं झालं होतं. आपला दात दुखतोय हे तिला माहीत होतं. पण एवढे सगळे म्हणताहेत, तर त्या दुखण्याच्या आत कुठेतरी जपही असेल, असं तिला वाटायचं. शिवाय सासू रोज सकाळी तिची जागा झाडायची. स्वतः. पाला न ठेवता. दात सांगितला तर उद्यापासून ही जागा पुन्हा आपणच झाडायची आहे, हेही तिच्या मनात येई. मग ती अंग आणखी चोरून घ्यायची. गर्दी म्हणायची, समाधी गाढ होत चालली.

नवरा मात्र घाबरला. हिची हाडं लागायला लागली, डॉक्टरला बोलवू या, असं तो दबक्या आवाजात म्हणाला. कोल्हे अण्णांना वाटलं, वा, उत्तम कल्पना. डॉक्टरने भर सभेत सांगावं की अन्नपाण्याशिवाय ही सशीण ठणठणीत आहे. म्हणजे शंका घेणाऱ्यांची तोंडं बंद. आणि यातून आवडीचं काही बरंवाईट झालंच, तर समाधी कुठे बांधायची ती जागाही त्यांनी पाहून ठेवली होती. ऐसपैस होती. शेजारी तित्तिरांची वस्ती होती.

डॉक्टर म्हणजे कोण? तळ्याकाठी म्हशींबरोबर एक गायबगळी यायची. पांढरीशुभ्र, सडपातळ. तिला सगळे डॉक्टरबाई म्हणत. तिचा स्वभाव असा, की रोग्याला हात लावण्याआधी ती लांब एका पायावर उभी राहायची आणि नुसती बघत बसायची. कसा उभा आहे, कोणत्या पायावर भार टाकतो आहे, कळपात आहे की कळपाबाहेर, समोर आलेलं खातो की हुंगून सोडतो. जंगलाला ही पद्धत मुळीच पसंत नव्हती. काटा टोचत नाही, कडू पाला देत नाही, ही कसली डॉक्टर, असं म्हशीसुद्धा म्हणायच्या. बऱ्या झाल्यावर म्हणायच्या.

डॉक्टरबाई आल्या. अण्णांनी त्यांना केळीच्या पानाची शाल घातली, नारळ दिला आणि चार शब्द बोलायची विनंती केली. बाई एक पाय पोटाशी घेऊन उभ्या राहिल्या आणि आवडीकडे बघू लागल्या. गर्दी चुळबुळ करू लागली.

बऱ्याच वेळाने बाईंनी मान वळवली आणि बायजाबाईला विचारलं, "हिच्या लेंड्या शेवटच्या कधी दिसल्या?"

गोदाक्काने डोळ्यांवर पाय घेतले. अण्णा पुढे झाले आणि म्हणाले, "बाई, इथे देवाधर्माचं चाललंय."

"पोट चालू आहे की बंद, एवढंच विचारलं," बाई म्हणाल्या.

"परवापासून एकही नाही," बायजाबाईने सांगितलं, आणि मान ताठ करून पुढे म्हणाली, "इतकी शुद्ध झाली आहे सून माझी."

डॉक्टरबाईंनी दुसरा पायही जमिनीवर ठेवला. म्हशींना माहीत होतं, बाई दोन्ही पायांवर उभ्या राहिल्या म्हणजे घाई आहे. सशाचं पोट बंद पडलं की मागोमाग ससाच बंद पडतो. त्यांनी अण्णांना सांगितलं की गर्दी वडापलीकडे न्या, तपासायचं आहे. अण्णांची इच्छा नव्हती, पण शाल आपणच घातली होती. गर्दी हटली. आवडी, सासू आणि डॉक्टरबाई एवढ्याच राहिल्या.

"दुखतंय का गं?" बाईंनी विचारलं.

"नाही," आवडी म्हणाली.

"कुठे काही होतंय?"

"कुठेच नाही. देवाची कृपा आहे."

बोलताना हनुवटीवरून एक थेंब खाली पडला. बाईंनी वाद घातला नाही. ओरडल्या नाहीत, तोंड धरलं नाही, जबडा उघडला नाही. देवाच्या दगडापाशी गेल्या, तिथली एक कोवळी दूर्वा चोचीत धरून आणली आणि आवडीच्या पुढ्यात ठेवली. मग पुन्हा लांब जाऊन बघत राहिल्या.

बायजाबाईला राग आला. व्रतस्थ बाईपुढे गवत ठेवतात? पण ती काही बोलण्याआधीच आवडीचं नाक हललं.

आधी नाक. मग मिशा. मग आवडी व्रत विसरली, मंडळ विसरली, सासू विसरली. तिने मान पुढे केली आणि दूर्वेची पात ओठांत धरली. धरली, चावायला गेली, आणि पात खाली पडली. तिने पुन्हा धरली. पुन्हा पडली. मग मान खाली घालून ती त्या पातीकडे नुसती बघत राहिली. तिच्या दातांचा करकर आवाज तेवढा येत होता.

बायजाबाई ते सगळं पाहत होती.

"व्रत मोडलं," ती पुटपुटली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

"जिने मनाने गवत सोडलंय, ती गवताकडे वळून बघत नाही," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. "जिचं तोंड दुखतंय, ती धरते आणि टाकते. बायजाबाई, दात वाढलेत हिचे. गालात घुसलेत. भूक आहे, खाता येत नाही. आजच्या आज दात कापले नाहीत, तर उद्या तुम्ही हिच्या समाधीला फुलं वाहाल."

बायजाबाईने इकडेतिकडे पाहिलं, आणि खाली बघत म्हणाली, "माझं ते मौन होतं ना. घशात कुसळ अडकलं होतं माझ्या."

"मग सांगितलं का नाहीत?" बाईंनी विचारलं.

"सांगणारच होते. तेवढ्यात माझ्या सासूने मला नमस्कार केला."

वडापलीकडून आरतीचा आवाज यायला लागला होता. आवडी सासूकडे बघत होती. एवढी बायजा सशीण, पण आज तिचे कान दोन्ही बाजूंना पडले होते, आणि ती एखाद्या साध्या म्हाताऱ्या सशिणीसारखी दिसत होती.

"आवडे," बायजाबाई म्हणाली. शेवटचं अक्षर या वेळी आपटलं नाही. "किती दिवस गं दुखतंय?"

"आषाढ संपल्यापासून, आत्याबाई," आवडी म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. सशांना रडू येत नाही असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी सुना पाहिलेल्या नसतात.

आता प्रश्न होता बाहेरच्या गर्दीचा. डॉक्टरबाईंनी फांदीआडून पाहिलं. गव्याच्या शेपटीला झटके बसत होते. सशांचे मागचे पाय जमिनीवर आपटत होते. साळिंदरांचे काटे उभे होते. आत मातेचं काय चाललंय ते न कळून घाबरलेला कळप असाच दिसतो. त्याला एकदम काही सांगितलं तर तो समोरच्याला तुडवून पुढे जातो. यांना जाऊन सांगायचं, की तुमच्या मातेचा दात वेडावाकडा वाढलाय आणि कपाळाला लावलीत ती लाळ होती? रोग्याचं वागणं बाई शिकल्या होत्या. रोग्याच्या नातेवाइकांचं वागणं शिकवणारं गुरुकुल अजून निघायचं होतं.

"व्रत मधेच संपवायचं असेल तर तुमच्यात काय करतात?" त्यांनी बायजाबाईला विचारलं.

बायजाबाईच्या डोळ्यांत थोडं तेज आलं. आयुष्यभर व्रतंच केली होती तिने, त्यातलं तिला कोण शिकवणार? ती उठली, कान सरळ केले आणि वडापलीकडे गेली.

तिने सांगितलं, की देवाने डॉक्टरबाईंच्या तोंडून कौल दिला आहे. व्रत पावलं. चातुर्मासाचं पुण्य अर्ध्या श्रावणातच भरलं. आता लगेच उद्यापन झालं पाहिजे. पडद्याआड, सुतार पक्ष्याच्या हातून. आणि नंतर देवाला वाहिलेल्या दूर्वा मातेने रोज प्रसाद म्हणून खायच्या आहेत, चांगल्या चावून, जन्मभर.

गर्दी गहिवरली. कोल्हे अण्णा मात्र गहिवरले नाहीत. चातुर्मास संपायला अजून अवकाश आहे, मधेच उद्यापन शास्त्रात बसत नाही, मंडळाला विचारलं पाहिजे, असं ते म्हणू लागले.

बायजाबाई त्यांच्याकडे वळली. "शास्त्राचं बोलताय तर विचारते, अण्णा. तुम्ही उपासाला काय खाता?"

अण्णा रांगेची कामटी सरळ करू लागले. रांगेतल्या तित्तिरांनी मात्र पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं आणि एकमेकांना मोजलं.

पडदा धरला. सुतार पक्षी आला. डॉक्टरबाई दाखवत होत्या तिथे त्याने हलक्या चोचीने वाढलेला दात तोडला, उरलेला दगडाच्या कडेने घासला. बायजाबाईने सुनेला पोटाशी घट्ट धरलं होतं आणि तिचे डोळे आपल्या कानांनी झाकले होते. बाहेर टकटक ऐकू येत होती, तिला लोक घंटानाद म्हणत होते. मग बाईंनी आवडीचं पोट चोळलं, पाल्याचा पातळ रस थेंब थेंब पाजला, आणि सांगितलं की आता वाट बघायची.

आवडी निजली. बायजाबाई बसून राहिली. गर्दी घरोघर गेली, आरती संपली. सूर्य कलला तेव्हा बायजाबाई सुनेची जागा झाडायला वाकली, आणि वाकल्या वाकल्या थांबली. पाल्यावर एक लेंडी होती. लहानशी, हरभऱ्याएवढी.

बायजाबाईने पुढचे दोन्ही पाय जोडले. त्या श्रावणात जंगलात खरा चमत्कार झाला तो एवढाच, आणि तो पाहायला रांग नव्हती.

आवडी बरी झाली. रोज प्रसाद खाते आणि हळू पळते. जंगलही शहाणं झालं म्हणायचं. म्हणजे असं, की आता कुणी डॉक्टरबाईंकडे दुखणं घेऊन जात नाही, सगळे व्रत घेऊन जातात. गव्याचा गुडघा सुजला, तर त्याने तीन पायांवर उभं राहायचा नेम धरला. माकडिणीच्या एका कानात ठणका लागला, तर तिने तो कान देवाला वाहिला. बाईही तयार झाल्या आहेत. काय होतंय, असं त्या कुणाला विचारतच नाहीत. कसलं व्रत धरलंय, असं विचारतात, एका पायावर उभं राहून थोडा वेळ बघतात, आणि उद्यापनाची तयारी करतात. कोल्हे अण्णा हल्ली तळ्याकाठच्या एका कासवापाशी बसलेले दिसतात. फार शांत कासव आहे, म्हणतात.

तात्पर्य: मुलांनो, दुखलं तर सांगू नये. सांगितलं की लोक "होईल बरं" म्हणतात आणि आपल्या कामाला जातात. दुखण्याला एखादं चांगलंसं व्रताचं नाव द्यावं. मग सगळे हात जोडून भोवती बसतात, सावलीची जागा मिळते, आणि मरण आलं तरी समाधीची सोय आधीच झालेली असते.

आता माझी एक विनंती आहे. तुमच्याही घरात कुणीतरी फार सोशिक असेल. कधी कुरकुर नाही, कधी मागणं नाही. गोठ्यात असेल, पिंजऱ्यात असेल, नाहीतर स्वयंपाकघरात असेल. त्याला नमस्कार करावासा वाटला तर खुशाल करा. पण आधी जरा लांब उभं राहून बघा, की पुढ्यात वाढलेलं ते खातंय, की नुसतं धरून टाकतंय. एवढा नेम आजपासून तुम्ही धरा. याचं उद्यापन नाही केलंत तरी चालेल.